फ्रेंच मंत्र्याच्या पत्राचं संरक्षण

३ मार्च, सोमवार. कॉर्क, आयर्लंड.
शेजारच्या नोरीनबाईंनी आज विश्वासाने एक पत्र हातात दिलं. अठराव्या शतकातलं, फ्रान्सच्या नौदल मंत्र्याच्या खऱ्या सहीचं. खाली लाखेचा शिक्का. त्यांचे कोणी पूर्वज त्या नौदलात कॅप्टन होते म्हणे. शनिवारी म्युझियमला देणार आहेत, गेलेल्या भावाच्या नावाने. भिंतीवर डॅनियलच्या नावाची पाटी लागणार. त्याआधी घरी ठेवायला स्कॅन हवा. तू इंजिनियर, तुझ्याकडे सेफ राहील, म्हणाल्या. मी फार्मा कंपनीत डॉक्युमेंटेशन बघतो, तेव्हा माणूस बरोबर निवडला.

४ मार्च
स्कॅन ओके. पण कागद फारच नाजूक. असा द्यायचा? माझी दहावीपासूनची सर्टिफिकेटं बाबांनी पुण्यात लॅमिनेट करून घेतली होती, आजही नवीकोरी. लंच ब्रेकमध्ये ऑफिसच्या मशीनवर काम उरकलं. पत्र आता कडक, चकचकीत.
लाख वितळून सहीवर पसरली. पण सही वाचता येते, कोणाची ते आधीच माहीत असेल तर.

त्याच दिवशी, संध्याकाळी
वैदेहीने पत्र पाहिलं. जुन्या कागदाचं लॅमिनेशन कोणी करतं का, म्हणाली. बायकोला प्रत्येक गोष्टीत खोट दिसते. मी जेवलो नाही, पण ते ॲसिडिटीमुळे.

५ मार्च
हेअर ड्रायरने प्लॅस्टिक सोडवायला घेतलं. एक कोपरा सुटला. त्याच्याबरोबर कागदही. थांबलो.
संकल्प: उद्या सगळं खरं सांगायचं.

६ मार्च
सांगायलाच गेलो होतो. त्यांनी गरम सोडा ब्रेड पुढे केला. डॅनियलचे फोटो दाखवले. शनिवारसाठी नवा कोट घेतलाय, तोही दाखवला. अशा वेळी वाईट बातमी देणं असंस्कृतपणाचं. पत्र अजून प्रोसेसमध्ये आहे, म्हणालो. लोणी लावून आणखी एक स्लाइस खाल्ली. स्वतःची लाज वाटली.

७ मार्च
पत्र दिलं. तोंड उघडणार तोच त्यांनी ते पाकिटातून काढलं आणि म्हणाल्या, चारू, हे तर ग्रँड झालं, आता यावर चहा सांडला तरी काळजी नाही. सहीकडे त्यांनी बघितलंच नाही. मी तोंड मिटलं. म्हणजे तसं पाहिलं तर चूक झालेलीच नाही. वैदेहीला हे पटवून दिलं. ती उठून आत गेली.

८ मार्च, शनिवार
म्युझियममध्ये क्युरेटरबाईंनी पांढरे हातमोजे घातले, पाकीट उघडलं आणि हातमोजे काढून ठेवले. हे कोणी केलं, असं अगदी हळू विचारलं. मी बुटांकडे बघत होतो. नोरीनबाईंनी मला दंडाला धरून पुढे केलं आणि अभिमानाने सांगितलं, आमच्या शेजाऱ्याने, तो इंजिनियर आहे.
पत्र घेता येणार नाही, क्युरेटरबाई म्हणाल्या. त्यामुळे पाटीही नाही. का, ते नोरीनबाईंना कळेना. त्यांनी मला विचारलं. तेव्हा सांगितलं, सगळं. मंगळवारपासून माहीत होतं, हेसुद्धा.
परतताना गाडीत त्या नवा कोट मांडीवर घडी करून बसल्या होत्या. मला वाईट वाटू नये म्हणून म्हणाल्या, डॅनियलला तसाही समारंभांचा कंटाळा होता. मग खिडकीकडे तोंड करून डोळे पुसत राहिल्या.
मी रेडिओ लावला.