छज्ज्यावरची काच

३ मार्च, सोमवार
आजपासून या तीन मजली सरकारी इमारतीला आणि आवाराला कायदेशीर जबाबदार माणूस मी. ऑर्डर निघाली. गेटवर बोर्डही लागला: जबाबदार व्यक्ती, येसाजी राव. कायम नोकरीतल्या तिघांनी सही करायला नकार दिला. साहजिकच मोठ्या साहेबांना मी आठवलो. कॉन्ट्रॅक्टवरचा, नववीपर्यंत शिकलेला, पण नीटनेटका. वॉचमन गुंडोअण्णांनी विचारलं, पगार वाढला काय रे येसू? म्हटलं, मान वाढला. सरी, बरं मग, आज घरी तोच शिजव, म्हणाले. जळतात.

६ मार्च
मागच्या दारावरच्या छज्ज्याला भेग. इंजिनिअर साहेबांनी भेगेवर आडवी काचेची पट्टी सिमेंटने बसवली. म्हणाले, काच तुटली म्हणजे भेग वाढतेय. लगेच खालची जागा बंद कर आणि मला फोन कर. काचेवर तारीख मी घातली. अक्षर छान आलं.
छज्ज्याखाली झाडूवाल्या रत्नाबाई डबा खातात. मागे तेवढीच सावली.

१३ मार्च, स. ७.३०
काच तुटली. उद्याच इन्स्पेक्शन. माझ्या ताब्यातली वस्तू पहिल्याच इन्स्पेक्शनला तुटलेली दिसणं बरं नाही. फोन नंतर करू. नवी काच बसवली. तारीख जुनीच घातली, रेकॉर्डमध्ये गोंधळ नको.

१४ मार्च
इन्स्पेक्शन उत्तम. काच बघून इंजिनिअर साहेब म्हणाले, भेग जागच्या जागी आहे, पावसाळ्यानंतर बघू. आता फोन केला तर तेच खोटे पडतील. वरिष्ठांना असं अडचणीत आणू नये. कायम नोकरीच्या अर्जाचा मसुदा केला.

१९ मार्च
पुन्हा तुटली. आता जाड काच बसवली.
रत्नाबाई म्हणाल्या, येसू, वरून माती पडते रे डब्यात. म्हटलं, अक्का, स्वल्प सरकून बसा. कुठं सरकू, उन्हात? तू बस, म्हणाल्या.
दोरी बांधून जागा बंद करणार. सोमवारी नक्की.

२४ मार्च, सोमवार
स्टोअरमध्ये दोरी नाही, नुसती सुतळी. सुतळी सरकारी इमारतीला शोभत नाही. के. आर. पुरमच्या बाजारातून नायलॉनची आणतो. बुधवारी नक्की.

२५ मार्च, दु. १.२०
छज्जा पडला. रत्नाबाई खाली होत्या.

२६ मार्च
पहाटे गेल्या.

२७ मार्च
पोलिसांनी आधी बोर्डाचा फोटो काढला. कायमवाले तिघेही बोर्डाकडे बोट दाखवत होते. मग इंजिनिअर साहेबांनी ढिगाऱ्यातून जाड काच उचलली. अख्खी. वर ६ मार्च. म्हणाले, बघा, भेग वाढलीच नव्हती, अचानक पडला. पोलिसांनी लिहून घेतलं. गुंडोअण्णा म्हणाले, सुटलास रे.
तुटलेल्या दोन्ही काचा माझ्या ड्रॉवरमध्ये आहेत. कागदात गुंडाळलेल्या, कागदावर खऱ्या तारखा.

२८ मार्च
रत्नाबाईंची मुलगी सिद्धी डबा न्यायला आली. धुऊन ठेवला होता. तिने विचारलं, येसूअण्णा, माती पडते म्हणून आई तुला बोलली होती ना?
मी म्हटलं, काच तुटली नव्हती.