दारुडा जनरल

शुक्रवार, मदिनत खलीफा

दुपारभर एका रशियन लेखकाबद्दल वाचत होतो. कादंबऱ्या छापू देईनात, म्हणून तो सिनेमे लिहायला लागला. प्रत्येक पटकथेत मुद्दाम एक दारुडा जनरल घालायचा. सेन्सॉरवाले खूश होऊन तेवढा कापायचे, बाकीचं सुटायचं.

संध्याकाळी इथल्या, आखातातल्या आमच्या मराठी मंडळाच्या सीमाताईंचा फोन. कमिटीने माझी एकांकिका वाचली. "छान झालीय, एक शब्दही बदलायला नको," म्हणाल्या.

आनंद व्हायला हवा होता ना? पण ड्रायव्हर मालकाकडे, त्याने ठेवून घेतलेला, स्वतःचा पासपोर्ट मागतो, तो प्रवेश मी पाठवण्याआधीच काढला होता. कोणी सांगितलं होतं? कोणीच नाही. उगाच कशाला, एवढंच मनात आलं.

तो जनरल काही डोक्यातून जात नाही. त्या माणसाचं लिखाण कापायला सरकार लागलं. माझं मीच उरकलं.