सेहेचाळीस चपला आणि एक बारसं

ती. सौ. अंजनाअक्कास,

कुंडलहून धाकट्या भावाचा, म्हणजे माजी हवालदार वीरधवलचा, वाकून नमस्कार. गुडघा कसा आहे? दाजींना चोरून जिलबी मिळते का, की साताऱ्यात अजून तुझा पहारा कडक आहे? इकडे ऊस डोक्याच्या वर गेलाय, म्हैस व्याली आणि तुझी भाची सव्वा महिन्याची झाली. काळीज तपासलं, ठणठणीत आहे. दूध प्यायला तासभर लावते, पण सोडत नाही. (हट्ट आपल्या घराण्याचा, त्यात कुणी वाटा मागू नये.)

पोरीला डाऊन सिंड्रोम आहे असा रिपोर्ट आला, त्या दिवशी तू प्रियदर्शनीला म्हणालीस, "ग्रहणात वांगी चिरलीस, आता भोग," आणि तरातरा निघून गेलीस. (तेही धोंडुबाईच्या चपला घालून. ती शेजारीण रोज विचारायला येते.) मी मात्र बायकोला घेऊन विश्रामबागेतल्या डॉक्टरीणबाईंकडे गेलो. बाईंनी कागदावर चित्रं काढून सगळं समजावलं. आता अख्ख्या गावात हे मला एकट्यालाच कळतं, तेव्हा नीट वाच. माणसाच्या अंगात गुणसूत्रांच्या तेवीस जोड्या असतात. बाईचं किंवा पुरुषाचं बीज तयार होताना प्रत्येक जोडी फुटून एक इकडे, एक तिकडे जावं लागतं. कधी एखादी जोडी फुटतच नाही. मग एका बीजात एक जास्त, दुसऱ्यात एक कमी. जास्तीच्या बीजातून मूल झालं की त्याला सेहेचाळीसच्या जागी सत्तेचाळीस. आपल्या पोरीला एकविसावं गुणसूत्र तीनदा मिळालंय.

एवढं ज्ञान घरात कोंडून कसं ठेवायचं? पोर बघायला येणारा जो तो तुझ्यासारखेच डोळे करून बघत होता. परवा घर भरलेलं असताना मी दारातल्या तेवीस जोड चपला गोळा केल्या, खताची दोन रिकामी पोती घेतली आणि प्रत्येक जोडातली एकेक चप्पल एकेका पोत्यात टाकायला लागलो. विसापर्यंत सगळं शिस्तीत चाललं. एकविसावा जोड हाती आला तो तुझा! देवळात चोरीला जाऊ नयेत म्हणून तू दोन्ही चपला सुतळीने बांधतेस ना, ती गाठ काही केल्या सुटेना. (रागात तुलाही सुटली नसणार, म्हणून तर धोंडुबाईच्या घातल्यास.) अख्खा जोड एकाच पोत्यात गेला. एकात चोवीस, दुसऱ्यात बावीस. मला मुद्दाम काही दाखवावंच लागलं नाही.

बायकोला घेऊन पोर बघायला आलेला लालासाहेब म्हणाला, "मंग चूक कुनाची रं गड्या? चपलांची का पोत्याची?"

"कुनाचीच न्हाई. गाठ सुटली न्हाई, एवढंच."

नंतर पोती ओतल्यावर जी झुंबड उडाली ती सांगत नाही. लालासाहेब एका पायात बायकोची सँडल घालून घरी गेला.

आता कामाचं. असं बहुतेक वेळा बाईच्या बीजात होतं, कधी पुरुषाच्याही, आणि तेही पोर पोटात राहण्याच्या आधी. ग्रहण लागलं सातव्या महिन्यात! तोवर काय व्हायचं ते होऊन गेलं होतं. आणि प्रियदर्शनीचं सांगतो, डॉक्टरीणबाईंना तिने एकच विचारलं, "ही बोलंल कवा?" त्या म्हणाल्या, थोडी उशिरा. तर म्हणते, "आमाला घाई न्हाई." अक्का, पलटणीत लय शूर माणसं बघितली, पण माझी छाती एवढी कधी फुगली नव्हती.

तुझा,
वीरधवल

ता. क. ग्रहणात वांगी मी चिरली होती. तिला भरलं वांगं खावंसं वाटलं, आणि ती आत पडून होती. तू बोललीस तेव्हा मी उंबऱ्यातच उभा होतो. सतरा वर्षं सीमेवर काढलेला माणूस तुझ्यापुढे गप्प बसला, याची लाज वाटते. वरचं सगळं पुराण एवढ्यासाठीच.

आणखी एक. रविवारी बारसं आहे. कानात नाव आत्यानेच सांगायचं, आणि पोरीला दुसरी आत्या नाही. धोंडुबाईच्या चपला घेऊन ये. नाव प्रियदर्शनीने ठरवलंय, मलाही सांगत नाही. ती आधी तुझ्या कानात सांगणार, मग तू पोरीच्या. त्यासाठी तुला तिच्याशेजारी खाली बसावं लागेल, म्हणून सुरुवातीलाच गुडघ्याची चौकशी केली.