शिंप्याच्या शर्टाची काजं

प्रिय धाकटे,

दोन्ही हात उचलून (एक माझ्या मर्जीने, दुसरा त्याच्या) तुला आशीर्वाद. मेहुण्यांचा गुडघा जिना चढू देतो का? तुझ्या सासूबाईंना ऐकू येतं का, की अजून सोयीपुरतंच? भाचीचा खोकला गेला? आणि तुझी कंबर? तिच्याबद्दल तू आपणहून कधी लिहीत नाहीस, म्हणून मुद्दाम विचारतो.

आमचं विचारशील तर कंपवात उजव्या हातात मुक्काम ठोकून आहे. डॉक्टर त्याला पार्किन्सन म्हणतात, मी अरे-तुरे करतो. शर्टाची बटणं लावायला मला पंचवीस मिनिटं लागतात. लागू देत की! मला कुठे कोर्टात हजर व्हायचंय? पण तुझा भाचा ऑफिसची बॅग खांद्याला लावून दारात उभा राहतो आणि म्हणतो, ''बाबा, द्या इकडे, दोन सेकंदांचं काम.'' ते दोन सेकंद मला दिवसभर टोचतात गं. चाळीस वर्षं गावाला काज-बटण करून घातलं मी!

तर गेल्या आठवड्यात मी व्यायामाच्या बाईंकडे बोटं वळवायला गेलो असताना लेकाने आणि सूनबाईने संगनमत केलं. माझे सातही शर्ट कोपऱ्यावरच्या शिंप्याला दिले (माझाच शागीर्द, त्याला सुई धरायला मी शिकवली), काजं शिवून बंद केली, आतून ती चर्रकन उघडणारी वेल्क्रोची पट्टी लावली, आणि वरून बटणं नुसती शोभेला टाकली. शोभेला! बंद काजावर बटण म्हणजे भिंतीवर काढलेलं दार. सूनबाई म्हणते, ''बाबा, कुणाला कळणारसुद्धा नाही.'' अगं, शिंप्याला कळतं ना!

परवा शेजारच्या वकिलांच्या शोकसभेला एकटाच गेलो. सगळे दोन मिनिटं स्तब्ध उभे. माझा हात कसला स्तब्ध राहतोय? तो छातीवर चाळा करत होता. चर्र. पुढची रांग वळली. मी पट्टी दाबली, हाताने पुन्हा उघडली. चर्र. दोन मिनिटं संपेपर्यंत मी बेंबीपर्यंत मोकळा. त्यात या दुखण्याने चेहरा लाकडासारखा झालाय, ओशाळं हसावं म्हटलं तर हसूच उमटत नाही. वकिलीणबाईंना वाटलं, हा छाती उघडी करून वकिलांवरचा जुना दावा काढायला आलाय.

घरी निकाल लागला : ''आता एकट्याने बाहेर पडायचं नाही.'' म्हणजे पट्टी यांची, फजिती माझी, आणि उंबऱ्याच्या आत मी! तेव्हापासून खिडकीतून रस्ता बघतोय. चिडचिड नुसती.

असो. अक्षर मुंगीएवढं झालंय, थांबतो.

तुझा,
दादा

ता. क. दोन दिवस राहायला ये. सहज आलीस असं दाखव. बारीक कात्री नि सुई-दोरा आण आणि दुपारी दार लावून माझी काजं उसवून, बटणं पुन्हा खालच्या पट्टीवर टाकून दे. घालताना ती लावायचं मी बघतो, उसवणं-शिवणं आता हातून होत नाही. मग बटणं लावलेला शर्ट घालून मी तुझ्यासोबत कोपऱ्यापर्यंत जाईन आणि परत येताना तू दहा पावलं मागे राहा. लेकाला ते दिसू दे.

ता. ता. क. निळ्या शर्टाला मात्र हात लावू नकोस. गोळी उशिरा पोटात गेली की बोटं अगदीच ऐकत नाहीत, त्या सकाळी ती पट्टी बरी पडते. हे सूनबाईला कळता कामा नये.

उत्तर लगेच लिही, आणि पाकिटावर माझंच नाव घाल. वेळ लागतो, पण माझी पत्रं अजून मीच फोडतो.