सहा उंदीर आणि एक निवृत्त खाटीक

अबरनान्त,
नोव्हेंबरातला बुधवार, चहा झाल्यावर

तीर्थस्वरूप मेन्नाताईला,

धाकट्या भावाचा, म्हणजे इद्वलचा, लांबूनच वाकून नमस्कार. (जवळून करायला हरकत नव्हती, पण माझी कंबर हल्ली एकदा खाली गेली की वर यायला तयार नसते.) तुझा गुडघा कसा आहे? डॉक्टरनं दिलेली काठी चालायला वापरतेस, की अजून तिनं मेंढ्याच हाकतेस? नाताळची बदकं यंदा अंगानं बरी आहेत ना? इकडे गेला महिनाभर पाऊस आहे, त्याबद्दल लिहिण्यात अर्थ नाही, तुझ्याकडेही तोच असणार. एकूण सगळं ठीक आहे. लिहिण्यासारखं विशेष काहीच नाही, म्हणून चार पानं लिहायला बसलो आहे.

आपल्या लाउरीची ब्लॉडवेन तुला आठवत असेल. गेल्या उन्हाळ्यात तू इथे आलीस तेव्हा उशी समजून जिच्यावर रेलणार होतीस, ती. जात आफ्रिकेतली, लांबी चार फूट, मनगटाएवढी जाड अजगरीण, पण स्वभावानं गरीब. लाउरी सप्टेंबरात स्कॉटलंडपलीकडच्या कुठल्याशा बेटावर सीलची पिल्लं मोजायला गेली (त्याचा पगार मिळतो म्हणे) आणि जाताना ब्लॉडवेनची पेटी माझ्या मागच्या खोलीत ठेवून गेली. माझ्या नातीचा स्वभाव तुला माहीत आहे. आईबाप वेगळे झाल्यापासून ही पोर सहसा कोणावर विसंबत नाही. पण त्या दिवशी पेटीची किल्ली माझ्या हातात देऊन म्हणाली, "आजोबा, तुम्ही आहात म्हणून मला घोर नाही." ताई, इतकं चांगलं मला तुझी भावजय गेल्यापासून कोणी बोललेलं नाही. मी किल्ली घड्याळाच्या साखळीला अडकवली.

आता पेटीत उबेसाठी एक हीटर असतो. आणि खोलीतून बाहेर पडताना दिसेल ते बटण बंद केल्याशिवाय माझा पाय निघत नाही, हे बाबांनी लावलेलं वळण तुलाही आहेच. व्हायचं ते झालं. दोन दिवस ब्लॉडवेन गारठून पडली, तिसऱ्या दिवशी माझ्या लक्षात आलं, आणि तेव्हापासून बाईंनी खाण्यावरून जे तोंड फिरवलं ते नऊ आठवडे. लाउरीनं ठेवलेले गोठवलेले उंदीर मी गरम पाण्यात ऊब आणून दिले, चिमट्यात धरून नाचवले, एकदा तर केस वाळवायच्या यंत्राखाली धरले. (तेवढ्यात चॅपलच्या वर्गणीसाठी बाई आल्या. वर्गणी न घेताच गेल्या.) माझ्या खाटकाच्या दुकानातल्या जुन्या काट्यावर दर शनिवारी तिचं वजन करतो. सवयीनं खाली कागद अंथरतो, आणि एकदा "आणखी काही देऊ?" असंही विचारून गेलो. चौदाशे ग्रॅमची बाराशेवर आली. पुढच्या शनिवारी लाउरी परत येते आहे. तिच्या हातात मी हा रिकामा मोजा कसा ठेवू?

शेवटी डेलिथ प्यूला शरण गेलो. ही बाई इथल्या साप पाळणाऱ्यांच्या मंडळाची चिटणीस. (मंडळ पबच्या मागच्या खोलीत भरतं. एकूण सात माणसं, त्यातली दोन फक्त बिअरसाठी येतात.) सत्तरीची आहे, सतत विणत असते आणि बोलताना सुया थांबवत नाही. तिनं सांगितलं की रुसलेल्या अजगराला ताजा उंदीर लागतो, पण जिवंत सोडायचा नाही. एक तर तो अजगरालाच चावतो, आणि दुसरं म्हणजे उंदरालाही जीव आहे, त्याला भीतीनं मारणं हे माणसाचं काम नव्हे. आपण आधी झटकन, न दुखवता संपवायचा आणि मग द्यायचा. एवढं बोलून तिनं सहा पांढरे उंदीर एका डब्यात घालून माझ्या हातात दिले. कसं संपवायचं ते मी विचारलं, तर मंडळातले सातही जण हसले. "अहो इद्वल प्रॉबर्ट," डेलिथ म्हणाली, "चाळीस वर्षं खाटीककाम केलेल्याला मी शिकवू?" मीही हसलो. दुसरं काय करणार?

ताई, जगाला जे कधी कळलं नाही ते तुला कळवतो असं नाही, पण लिहितोच. खाटकाकडे माल येतो तो मेलेला येतो. दर मंगळवारी गाडी यायची, आत सगळे आकड्याला टांगलेले, सोललेले, मुंडकं नसलेले. मी कापलं, तोललं, सॉसेज भरलं. पण ज्याचे डोळे माझ्याकडे बघताहेत अशा कशालाही चाळीस वर्षांत मी बोट लावलेलं नाही. गावानं कधी विचारलं नाही, मी कधी सांगितलं नाही.

तरी प्रयत्न केला. पुस्तकात वाचलं की मानेवर पेन्सिल आडवी धरून एकच झटका द्यायचा. मी कानामागची दुकानातली पेन्सिल काढली, एक उंदीर ओट्यावर घेतला. तो आधी माझ्याकडे बघत बसला, मग त्यानं तोंड धुतलं, मग पेन्सिलीचं टोक कुरतडायला लागला. मी त्याला ओटचे दाणे दिले. त्या दिवशी रविवार होता, आणि रविवारी असलं काम बरं नव्हे असं मला वाटलं. सोमवारी कपडे धुवायचे असतात. मंगळवारी मी त्यांच्यासाठी लाकडाचं चाक करून दिलं, कारण डब्यात बिचाऱ्यांना फिरायला जागा नव्हती.

गुरुवारी गायनमंडळाच्या तालमीत हेविनला गाठलं. तो कत्तलखान्यात वीस वर्षं होता, आता आमच्यात खर्जात गातो. म्हटलं, एका मित्राचं असं असं काम आहे. त्यानं ऐकून घेतलं आणि खर्जातच म्हणाला, "इद्वल, मी निवृत्त झालो त्या दिवशी देवाला सांगून आलोय, माझ्या वाट्याचं सगळं झालं. आता मी टोमॅटोसुद्धा हळू कापतो. आणि तुझ्या मित्राला सांग, गावात खाटीक असताना तो मला का विचारतोय?" तार सप्तकातल्यांपर्यंत सगळ्यांना ऐकू गेलं.

मग मी जे केलं ते सांगायला लाज वाटते. हॅम बांधायच्या जाळीनं मी धडधाकट मनगट बांधलं आणि डेलिथला निरोप पाठवला की हात मुरगळलाय. ती आली. तिनं उंदराला मऊ फडक्यात अंधार करून थोडा वेळ निवांत बसू दिलं, एक दाणा दिला, आणि कोबीला यंदा अळ्या किती आहेत हे मला सांगत राहिली. तिचं वाक्य पुरं व्हायच्या आत काम झालं होतं. दाणा उंदराच्या तोंडात तसाच होता. त्याला काही कळलंच नव्हतं, ताई. मला हायसं वाटलं आणि डोळ्यांत पाणीही आलं. ते मी मनगटाच्या कळेवर ढकललं. ब्लॉडवेननं मान वर केली, जीभ दोनदा काढली, आणि नऊ आठवड्यांचा रुसवा दोन मिनिटांत गिळला. डेलिथ निघताना म्हणाली, "आता पुढचे पाच तुमचे. मी लेकीकडे स्पेनला चालले, ईस्टरला येईन." हात आठवडाभर बांधूनच फिरतो आहे. गावातल्या तिघींनी मलम दिलं.

पुढचं जेवण मंगळवारी आहे, नंतरचं लाउरी यायच्या आदल्या दिवशी. ती दोन जेवणं झाली तर ब्लॉडवेन अंग पुन्हा धरेल. बाकी विशेष काही नाही. सहज आठवण आली म्हणून लिहिलं. गुडघ्याला जप.

तुझा भाऊ,
इद्वल

ता. क. सोमवारी दुपारची बस तुमच्याकडून थेट इथे येते, बदलावी लागत नाही. आठ दिवस येऊन राहा, हवापालट होईल. कशासाठी ते तुला कळलंच असेल. मी नऊ वर्षांचा असताना बाबांनी नाताळची कोंबडी मारायला मला गोठ्यामागे पाठवलं होतं. मी सुरी घेऊन भिंतीकडे तोंड करून उभा होतो. तू मागून आलीस, काम केलंस, कोंबडी माझ्या हातात दिलीस आणि हात धुवायला निघून गेलीस. पोराचा हात सफाईदार आहे असं म्हणत बाबांनी पुढे मला खाटकाच्या दुकानात लावलं. त्या एका कोंबडीवर माझा सगळा जन्म उभा राहिला, आणि तू साठ वर्षांत कोणापुढे एक अक्षर काढलं नाहीस. त्याबद्दल मी तुझे आभारसुद्धा कधी मानले नाहीत. आता मानतो.

ता. ता. क. पाकीट चिकटवत होतो तेवढ्यात लाउरीचा फोन आला. ब्लॉडवेन कशी आहे असं विचारलं आणि माझ्यानं राहवलं नाही. हीटर, मनगट, कोंबडी, सगळं सांगून टाकलं. मला वाटलं, ती आता किल्ली परत मागणार. मग बारीक आवाजात म्हणाली, "आजोबा, मलाही नाही जमत. मागच्या वसंतात तिनं असंच केलं होतं तेव्हा मी एक उंदीर आणला आणि तो अजून माझ्या मैत्रिणीकडे पाळलाय. तुम्ही खाटीक आहात, म्हणून तर तिला तुमच्याकडे ठेवलं." मग आम्ही दोघं बराच वेळ हसत होतो. शेवटी तिनं विचारलं, आत्याआजी येईल का? मी येईल म्हणून सांगून बसलो आहे. आणि ताई, राहायला आठ दिवसांच्या जागी पंधरा दिवस ये. म्हणजे तिसऱ्या खेपेला तू आत काम करत असशील, तेव्हा भिंतीकडे तोंड करून उभं राहायला आम्ही दोघं असू.