पास प्राचीच्या गळ्यात

१२ सप्टें.
सासूबाई ॲडमिट. लघवीचं इन्फेक्शन, ताप १०३. मी ऑफिसातून पोचेपर्यंत फॉर्म भरूनही झालेला. कुणी? धाकट्या जावेनं. प्राची नोएडाहून कॅबनं आली नि अटेंडंट म्हणून स्वतःचं नाव लिहून मोकळी! पास एकच मिळतो. नऊ वर्षं आमच्या सरोजिनी नगरच्या क्वार्टरमध्ये आईंचं औषधपाणी मी बघते. ही दिवाळीला मिठाई घेऊन येते. गार्ड मला म्हणतो, "मॅडम, चार बजे के बाद." बसले बाकावर.

१३ सप्टें.
भेटीचा एक तास. आई म्हणाल्या, "प्राचीनं केस किती छान विंचरलेत, बघ." बघितले. रोज कोण विंचरतं? सरळच लिहिते, जळफळाट झाला माझा.
आईंनी डोळे मिटले. खाटेच्या पायाशी अडकवलेली फाइल चाळली. ॲलर्जी: नाही.
अहो, मागे सल्फाच्या गोळीनं आईंचे ओठ सुजले होते, श्वास लागला होता! ऑटोत घालून मीच नेलं होतं. प्राचीला काय माहीत?
सांगणारच होते. तेवढ्यात ती सिस्टरला, "घर का सब मुझे पता है, मुझसे पूछिए."
बरं. विचारा तिलाच. फाइल ठेवली, घरी आले.
सल्फाच देतील असं थोडंच आहे. उद्या सांगू.

१४ सप्टें.
झोप नाही. सातलाच गेले, गार्डशी भांडून आत शिरले. रिपोर्ट आला होता, औषध आजपासून बदललेलं. सिस्टरच्या हातात तीच गोळी. सल्फा. ॲलर्जी आहे म्हणून ओरडूनच थांबवलं तिला.
डॉक्टरांनी गोळी बदलली. आईंच्या मनगटाला ॲलर्जीची लाल पट्टी बांधली.
प्राची रडली. "वहिनी, तुम्ही होतात म्हणून... मला खरंच काही माहीत नाही हो आईंचं." गळ्यातला पास काढून माझ्या गळ्यात घातला. आता हिच्यावर चिडताही येत नाही, ह्याचीच चीड.

१५ सप्टें.
ताप उतरला. पास माझा, खुर्ची माझी. केस मीच विंचरायला घेतले. आई कितीतरी वेळ ती लाल पट्टी फिरवत होत्या. मग म्हणाल्या, "परवा तू फाइल वाचलीस ना? मी जागी होते."
"हो."
"मग तेव्हाच का नाही बोललीस?"
म्हटलं, गुंता आहे, मान हलवू नका.
वेणी घातली. सोडली. परत घातली. आई मान न हलवता बसून आहेत.