मागच्या खोलीची राखण

४ जानेवारी, रविवार
आम्ही दोघं मिळून चादर पिळायचो. रविवारी चर्चमधून, मिस्साहून आल्यावर, गच्चीत. एक टोक माझ्याकडे, एक यांच्याकडे. हे दरवेळी चुकीच्या बाजूला पिळायचे आणि चादर नुसतीच गोल फिरायची. मी चिडले की म्हणायचे, मग तूच उलटं फिर.
आज नळाला बांधून एकटीने पिळली. जमतं.
हे गेले त्याला मार्चमध्ये वर्ष होईल. लोक विचारतात, आता कसं वाटतंय. काही वाटत नाही. म्हणजे बरंच असणार.
फादरांचं आजचं प्रवचन: पृथ्वी आपल्या मालकीची नाही, देवाने ती आपल्याला राखायला दिली आहे. अगदी पटलं. शाळेत सिस्टरही पेन्सिल बोटभर होईपर्यंत लिहायला लावायच्या. संकल्प: या वर्षी या घरातून एकही वस्तू कचऱ्यात जाणार नाही.

६ जानेवारी
लेकीचा फोन. बाळंतपणाला माझ्याकडेच येणार, मार्च लागला की. मागची खोली हवी आहे. डॉक्टरांनी तिला धुळीपासून लांब राहायला सांगितलंय. मी म्हटलं, खोली तयार समज. तिथे आहे काय? यांचं थोडं सामान. दोन दिवसांचं काम.

९ जानेवारी
काम सुरू. तीन ढीग ठरवले: ठेवायचं, द्यायचं, दुरुस्त करायचं. संध्याकाळी बघितलं तर 'ठेवायचं' कपाटाएवढं झालेलं. 'द्यायचं' मध्ये फक्त दाढीचा ब्रश. पण दुसऱ्याचा ब्रश कोण घेणार? शेवटी कचऱ्यातच जायचा. संकल्प मोडला असता. परत ठेवला.

१० जानेवारी
टेरिकॉटच्या शर्टांचा नीट विचार केला. असे कपडे धुतले की त्यांतून बारीक प्लास्टिक निघतं आणि समुद्रात जातं, वाचलं आहे. कुणाला दिले तर तो धुणारच. माझ्या कपाटात ते कधीच धुतले जात नाहीत. समुद्राच्या दृष्टीने हेच योग्य.

१८ जानेवारी, रविवार
चर्चमध्ये निसर्गसेवा समिती निघाली. फादरांनी मला प्रमुख केलं. घरोघरच्या नको असलेल्या वस्तू गोळा करून गरजूंना द्यायच्या. माझ्याइतकी तळमळ कुणात दिसली नाही म्हणाले. नणंदबाई शेजारीच होत्या. त्या म्हणाल्या, फादर, दुधाची राखण मांजरीला दिलीत. विनोद मला कळला नाही.

२५ जानेवारी, रविवार
गोळा करण्याचा दिवस. भरघोस प्रतिसाद. तडा गेलेल्या बादल्या, न बोलणारा रेडिओ, एका चाकाची बाबागाडी, छत्र्या. चर्चच्या हॉलमध्ये गायनवृंदाचा सराव होता, म्हणून सगळं माझ्या मागच्या खोलीत आणलं. दोन दिवसांपुरतं. दार आता अर्धंच उघडतं. मी बारीक आहे, अडचण नाही.

१ फेब्रुवारी
वाटपाचा दिवस. दोन छत्र्या दिल्या. घेणाऱ्यांपैकी एका बाईंना, छत्री किती जपाल, असं विचारलं तर त्यांना राग आला. ती छत्री परत घेतली.

४ फेब्रुवारी
लेकीचा व्हिडिओ कॉल. खोली दाखव म्हणाली. मी स्वयंपाकघर दाखवलं, मग गच्ची दाखवली. मग कॅमेऱ्यावर अंगठा आला. खोटं बोलले नाही. अंगठा खरोखरच आला होता.

११ फेब्रुवारी
फादर घरी आले. खोलीत डोकावले. बराच वेळ डोकं आतच होतं. मी त्यांना आठवण करून दिली की प्रभूने हजारोंना जेवू घातलं तेव्हा उरलेल्या भाकरीचे तुकडेसुद्धा गोळा करायला लावले. बारा टोपल्या भरल्या.
फादर म्हणाले, "हो. पण त्या टोपल्या कुणी मागच्या खोलीत ठेवल्या नाहीत, बाई."
मी म्हटलं, तसं कुठे लिहिलेलं नाही.
त्यांनी चहा घेतला. जाताना म्हणाले, शिळी भाकरी कुणाच्याच पोटात जात नाही. फादर चांगले आहेत, पण तरुण आहेत.
संकल्प: सोमवारपासून खोली.

१६ फेब्रुवारी, सोमवार
गुडघा दुखतोय. उद्यापासून.

१९ फेब्रुवारी
जावई आले. पाळणा कुठे बसतो ते मोजायला. दार ढकललं, आतून बादल्या कोसळल्या. मी म्हटलं, आजच आवरणार होते. त्यांनी टेप उघडून दाराची रुंदी मोजली, टेप बंद केली. पाणी प्यायले, पेला विसळून ठेवला, गेले. सभ्य माणूस.

२० फेब्रुवारी
लेक तिच्या सासूबाईंकडे जाणार. तिकडे जिने नाहीत, दवाखाना जवळ, असं म्हणाली. खोलीचं नावही काढलं नाही. मी म्हटलं, बरं.
नणंदबाईंना सांगितलं. वाटलं, माझी बाजू घेतील.
"पृथ्वी पुढच्यांसाठी राखायची म्हणून गावभर सांगत फिरतेस," त्या म्हणाल्या. "वहिनी, पुढचं माणूस तुझ्या दारात उभं होतं. दादाच्या शर्टांना तू जागा दिलीस, त्याच्या नातवंडाला नाही."
मी म्हटलं, शर्टांचा प्रश्न समुद्राचा आहे.
त्या रडायला लागल्या. मला रडू आलं नाही. भात लागला होता, तो बघायला गेले.

२३ फेब्रुवारी
कपाट उघडलं. एक शर्ट नाकाशी धरला. डांबरगोळ्यांचा वास. दुसरा धरला. डांबरगोळ्या. सगळे धरून बघितले.
कपाट लावून घेतलं.

२८ फेब्रुवारी
लेक बाळंत झाली. दिवस भरायच्या आधीच. मुलगी. दोघी ठीक. मला दुपारी कळलं. तिथे सासूबाई होत्या. फोटोत हात त्यांचेच दिसतात.

७ मार्च
समितीचं प्रमुखपद सोडलं. फादर नको म्हणाले नाहीत.
खोली आवरायला घेतली. खरंच दोन दिवसांचं काम होतं.
सामान न्यायला नणंदबाई येतील. मी घरी नसले तर घोटाळा नको म्हणून इथे लिहून ठेवते.
कोट: चर्चच्या घंटा वाजवणाऱ्या काकांना. बाही आखूड करावी लागेल.
हत्यारांची पेटी: जावयांना. करवतीला धार नाही हे सांगावं.
गोळा केलेलं सगळं: भंगारवाल्याला. छत्री ज्या बाईंची परत घेतली त्यांना, माफी मागून.
टेरिकॉटचे शर्ट: गॅरेजवाल्याला, पुसायला. तो धुणार नाही.
घड्याळ: नणंदबाईंना. भावाचं आहे.
खोली: लेकीला आणि नातीला. तसं फोनवर सांगितलं. लेक म्हणाली, आई, बाळ आता इथे रुळलंय, पुढे बघू. बरोबर आहे.
यांचा चष्मा मी स्वतःच चष्म्याच्या दुकानात नेऊन दिला. कुणाच्या तरी कामी येईल म्हणून. दुकानदाराने फ्रेम ठेवून घेतली. हा नंबर दुसऱ्या कुणाला चालायचा नाही म्हणाला, आणि काचा काढून कागदात बांधून दिल्या.
काचा: मला.